सायकलीचे टायर व ट्यूब

सायकलीच्या रिमवर बसविलेले कापड व रबर यांचे लवचिक वेष्टन म्हणजे टायर आणि त्याच्या आत दाबाखालील हवा कोंडून ठेवणारी बंद रबरी नळी म्हणजे ट्यूब होय. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धावेचे काम मुख्यतः लाकूड झिजू न देण्याचे असते. हवेच्या टायरचे काम याहून पुष्कळच व्यापक आहे : भार पेलणे, धक्के शोषणे, रस्त्यावर पकड ठेवणे आणि हे सर्व करीत असताना स्वाराची शक्ती शक्य तितकी कमी खर्ची घालणे. स्वार व सायकल यांचा ८५ किग्रॅ. भार पेलताना दोन्ही टायरांचे मिळून जेमतेम १५ चौ. सेंमी. क्षेत्र जमिनीला टेकलेले असते, म्हणजे प्रत्येक टायरचे साधारण एका टपाल तिकिटाएवढे. वळण घेणे व ब्रेक लावणे या क्रिया एवढ्याशा क्षेत्रातूनच घडतात. म्हणून टायर व ट्यूब यांची निवड हा केवळ वेगाचा नव्हे, तर सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. प्रस्तुत नोंदीत डांबरी रस्त्यांवर लांब पल्ल्यासाठी वा शर्यतीसाठी वापरल्या जाणाऱ्या सायकलींपुरता (रोड सायकल) या निवडीचा विचार केला आहे.

इतिहास : हवेच्या टायरचे पहिले एकस्व (पेटंट) रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये घेतले, परंतु त्यावेळी सायकलच प्रचारात नसल्याने ते विस्मृतीत गेले. बेलफास्ट येथे पशुवैद्यकाचा व्यवसाय करणारे जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर तयार केले व १८८८ मध्ये एकस्व मिळविले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या स्पर्धकाने बेलफास्टमधील शर्यती या टायरांवर जिंकल्या आणि भरीव रबराच्या टायरांचा काळ संपत आला. टॉमसन यांचे जुने एकस्व उजेडात आल्यामुळे डनलॉप यांचे एकस्व १८९० मध्ये रद्द ठरले. प्रारंभीचे टायर रिमला चिकटवून त्यांवर कापड गुंडाळीत, त्यामुळे पंक्चर काढण्यास तासन् तास लागत. फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी काढता-घालता येणारे टायर पुढे आणले व १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या शर्यतीत शार्ल तेराँ यांनी ते वापरून विजय मिळविला. आजच्या टायरचा खरा पूर्वज मात्र इंग्लंडमधील चार्ल्स किंग्स्टन वेल्श यांचा १८९० मधील आराखडा होय. टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार आणि रिमच्या मध्यभागी खोल घळ ही त्यातील योजना आजही जशीच्या तशी वापरात आहे.

मापे : टायर विकत घेताना होणारी सर्वांत सामान्य चूक म्हणजे इंचांतील नावावर विसंबणे. ‘२८ इंची’ किंवा ‘७००’ हे आकडे टायरचा बाहेरचा व्यास ढोबळमानाने सांगतात. टायर रिमवर बसेल की नाही हे मात्र कडेच्या तारेच्या बैठकीच्या व्यासावर ठरते. फ्रेंच पद्धतीत ७०० या नावाखाली ए, बी, सी अशी अक्षरे लावून वेगवेगळी मापे केलेली होती. त्यांपैकी ७००सी चा बैठक-व्यास ६२२ मिमी. असून आजच्या बहुतेक सर्व रोड सायकली याच मापाच्या आहेत. भारतात दूधवाले व टपालवाले यांच्यामुळे घरोघर परिचित झालेल्या दणकट काळ्या सायकलीचे २८ × १ १/२ हे माप मात्र ६३५ मिमी.चे आहे आणि जुन्या २७ इंची शर्यती सायकलीचे ६३० मिमी.चे. नावाने २७ हे २८ पेक्षा लहान असले, तरी २७ इंची टायरची बैठक ७००सी पेक्षा ८ मिमी.नी मोठी असते. असे टायर ७००सी रिमवर सहज चढते व हवा भरताच सुटून येते. हा घोटाळा टाळण्यासाठी टायरच्या बाजूवर उठविलेली आंतरराष्ट्रीय मानकाची जोडसंख्या पाहावी. उदा., २८-६२२ यातील पहिला आकडा रुंदीचा व दुसरा बैठक-व्यासाचा, दोन्ही मिमी.मध्ये. दुसरा आकडा रिमवरील आकड्याशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. येथे ‘जवळपास’ चालत नाही.

रुंदीच्या आकड्यात थोडी लवचिकता असते. टायरची प्रत्यक्ष रुंदी रिमच्या आतील रुंदीवर अवलंबून असून १७ मिमी. रिमवर २५ मिमी. भरणारे टायर २१ मिमी. रिमवर सु. दीड मिमी.ने अधिक रुंद होते. चौकटीचे चिमटे व ब्रेक यांपासून टायरला सर्व बाजूंनी किमान ४ मिमी. मोकळी जागा राहिली पाहिजे. चाक किंचित वाकडे झाले किंवा पावसाळ्यात चिखल चिकटला, तर हीच जागा उपयोगी पडते.

रुंदी व दाब : टायर जितके अरुंद व जितके कडक तितके वेगवान, ही समजूत सायकलपटूंत दीर्घकाळ दृढ होती. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत शर्यतीत १९ ते २३ मिमी. रुंदीचे टायर चौ. इंचास १२० पौंड वा त्याहून अधिक दाबाने वापरीत. आज त्याच दर्जाच्या शर्यतींत २८ ते ३२ मिमी.चे टायर पुष्कळच कमी दाबाने वापरतात. हा बदल लहरीचा नसून त्यामागे यामिकीचे साधे कारण आहे.

फिरणाऱ्या टायरचा जमिनीला टेकणारा भाग प्रत्येक फेऱ्यात चपटा होतो व पुन्हा गोल होतो. रबर व कापड चपटे करण्यासाठी दिलेली सर्व ऊर्जा परत मिळत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. हाच लोटन रोध होय. भाराच्या प्रमाणात मोजलेला त्याचा गुणांक चांगल्या शर्यती टायरमध्ये सु. ०·००३, तर जाड व स्वस्त टायरमध्ये ०·००७ किंवा त्याहून अधिक असतो. ८५ किग्रॅ. एकूण भार ताशी ३० किमी. वेगाने नेताना पहिल्यासाठी सु. २१ वॅट, तर दुसऱ्यासाठी सु. ४९ वॅट शक्ती खर्च होते. या वेगाला स्वाराची एकूण शक्ती सामान्यतः १५० वॅटच्या आसपास लागते हे लक्षात घेतले, म्हणजे या फरकाचे महत्त्व कळते. चौकटीचे वजन कमी करण्यासाठी मोठी रक्कम मोजणारा स्वार पुष्कळदा हा फरक दुर्लक्षितो.

दाब समान असेल, तर रुंद व अरुंद टायरांचे जमिनीला टेकणारे क्षेत्र जवळजवळ सारखेच असते. पण अरुंद टायरमध्ये ते लांबट व रुंद टायरमध्ये आखूड होते. आखूड भागामुळे टायर कमी वाकते व ऊर्जा कमी वाया जाते. म्हणजे समान दाबाला रुंद टायरच हलके धावते. याउलट कापडावर पडणारा ताण दाब व रुंदी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे रुंद टायरला तेवढाच ताठरपणा कमी दाबातच मिळतो. २३ मिमी. टायरमधील ११० पौंड आणि २८ मिमी. टायरमधील ९० पौंड हे अंगठ्याने दाबून पाहता जवळजवळ सारखेच वाटतील.

दाब वाढविण्याचा लाभही अमर्याद नाही. प्रयोगशाळेतील गुळगुळीत पोलादी पिंपावर दाब वाढवीत नेला, तर रोध कमीच होत जातो. जुन्या समजुतीला आधार मिळाला तो मुख्यतः अशा चाचण्यांचा. खऱ्या रस्त्यावर खडी, भेगा व ठिगळे असतात. टायर फार कडक असेल, तर ते या उंचवट्यांभोवती दबत नाही. सायकल व स्वार यांनाच वर उचलते. ही थरथर स्वाराच्या स्नायूंत जिरते आणि तिची शक्तीही अखेर स्वाराच्याच पायांतून आलेली असते. म्हणून प्रत्येक रस्त्याला एक योग्य दाब असतो. त्याच्या खाली गेल्यास हानी सावकाश वाढते, पण वर गेल्यास ती झपाट्याने वाढते. शंका असेल तेव्हा थोडी कमी हवा पतकरावी, असे म्हणता येते, अर्थात रिम रस्त्यावर आपटणार नाही इतकी मर्यादा सांभाळून. फ्रँक बर्टो या अमेरिकन तज्ञांनी सुचविलेला निकष असा की, स्वार बसल्यावर टायरची उंची सु. १५ टक्क्यांनी कमी व्हावी.

एकूण ८५ किग्रॅ. भारासाठी व बऱ्या डांबरी रस्त्यासाठी मागील चाकात २५ मिमी. टायरला ८० ते ८५, २८ मिमी. टायरला ७० ते ७५ आणि ३२ मिमी. टायरला ५५ ते ६० पौंड (दर चौ. इंचास) ही आरंभाची मापे धरावीत. पुढील चाकावर भार कमी पडतो, म्हणून तेथे ५ ते ८ पौंड कमी भरावेत. भार जितके टक्के कमी वा जास्त असेल, साधारण तितकेच टक्के दाबही बदलावा. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब ही सहनशक्तीची मर्यादा असते, शिफारस नव्हे. रिमवरही मर्यादा दिलेली असते व दोहोंपैकी लहान आकडा पाळावा लागतो. सायकलच्या दुकानात ‘हवा टाइट भरून द्या’ असे सांगण्याची सवय असलेल्यांनी दाबमापक असलेला उभा पंप घरी ठेवणे हिताचे ठरते. अंगठ्याचा अंदाज या दाबांना विश्वसनीय नसतो.

महाराष्ट्रातील रस्त्यांवर एकाच दिवसाच्या सफरीत महामार्गाचा गुळगुळीत पट्टा, गावातील गतिरोधक व पावसाने उखडलेला घाट हे सर्व भेटते. अशा मिश्र वापरासाठी चौकटीत जागा असल्यास २८ मिमी. हे किमान व ३० ते ३२ मिमी. हे अधिक शहाणपणाचे माप होय. २०० ते ६०० किमी.च्या लांब पल्ल्याच्या नियमबद्ध सफरींत (ब्रेव्हे) हाताला व पाठीला मिळणारा आराम हाही अखेर वेगातच जमा होतो.

टायरची रचना : टायरचा सांगाडा नायलॉनाच्या (क्वचित सुताच्या) समांतर धाग्यांचे थर एकमेकांना तिरपे ठेवून तयार करतात. एका इंचात किती धागे आहेत यावरून कापडाची प्रत सांगतात. ६० धाग्यांचे कापड जाड व टिकाऊ, तर १२० धाग्यांचे पातळ व लवचिक असते. काही उत्पादक सर्व थरांतील धाग्यांची बेरीज करून मोठा आकडा छापतात. त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना जपून करावी. कडेतील तार पोलादाची असल्यास टायर स्वस्त व जड असते. अरामिड तंतूची कड असलेले टायर घडी घालून खिशात ठेवता येते व सु. ५० ग्रॅ.नी हलके असते. दोन्ही रिमवर सारखीच घट्ट बसतात.

माथ्यावरील रबरात काजळी किंवा सिलिका मिसळतात. ओल्या रस्त्यावरील पकड ही या मिश्रणावर व रस्त्याच्या खडबडीतपणावर ठरते, टायरवरील नक्षीवर नव्हे. मोटारीच्या रुंद व चपट्या टायरखाली पाण्याचा थर साचून ते तरंगू शकते. म्हणून त्याला पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा लागतात. सायकलीचे टायर अरुंद, गोल व अधिक दाबाचे असते. विमानांच्या चाकांसाठी वापरले जाणारे सूत्र लावल्यास ८० पौंड दाबाचे टायर तरंगण्यास ताशी सु. १५० किमी. वेग लागेल. तेव्हा गुळगुळीत टायर पावसात घसरते, ही भीती निराधार आहे. घसरण होते ती रंगविलेले पट्टे, लोखंडी झाकणे, सांडलेले तेल व पहिल्या पावसात भिजलेली धूळ यांच्यावरून, आणि तेथे नक्षीचाही उपयोग होत नाही.

पंक्चरविरोधी टायरांत माथ्याखाली घट्ट विणीचा किंवा जाड रबराचा पट्टा असतो. त्यामुळे वजन व रोध वाढतात. आपल्याकडे पंक्चर करणाऱ्या वस्तू मुख्यतः तीन : बाभळीचे व वेड्या बाभळीचे काटे, सराट्याची काटेरी फळे आणि महामार्गाच्या कडेला विखुरलेले, फुटलेल्या ट्रक-टायरांतील पोलादी तारेचे केसासारखे तुकडे. सराटा (ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस) हे तण अमेरिकेच्या पश्चिम भागातही पसरलेले असून तेथील सायकलस्वारांनाही ते तितकेच अप्रिय आहे. यांपैकी तारेचा तुकडा सर्वांत फसवा. तो टायरमध्ये रुतून राहतो, बाहेरून दिसत नाही व नवी ट्यूबही थोड्या वेळात फोडतो. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे किंवा कापूस फिरवून तो शोधून काढावा. बाहेरच्या सुरक्षित पट्ट्यावरून जाण्याचा मोह असला, तरी कचरा नेमका तेथेच साचतो, हा महामार्गावरील सायकलस्वारापुढील पेच आहे.

ट्यूब : सर्वसाधारण ट्यूब ब्युटिल रबराची असते. आयसोब्युटिलीन व थोडे आयसोप्रीन यांच्यापासून बनणारे हे कृत्रिम रबर अमेरिकेत १९३७ मध्ये तयार झाले. हवा फार मंद गतीने पाझरू देणे हा त्याचा मोठा गुण. २५ ते २८ मिमी. टायरसाठीच्या साध्या ब्युटिल ट्यूबचे वजन सु. १०० ग्रॅ. असते, पातळ ट्यूब ६५ ते ८० ग्रॅ.ची मिळते, पण ती जपून हाताळावी लागते. नैसर्गिक रबराच्या चिकापासून केलेली लॅटेक्स ट्यूब अतिशय लवचिक असल्याने ब्युटिलच्या तुलनेत प्रत्येक चाकामागे दोन-तीन वॅट वाचवते व बारीक काट्याभोवती ताणली जाऊन पुष्कळदा फुटत नाही. मात्र तिच्यातून हवा इतकी पाझरते की, रोज निघण्यापूर्वी ती भरावीच लागते. ऊष्मामृदू पॉलियुरेथेनाची ट्यूब अलीकडे प्रचारात आली आहे. ती अवघी २५ ते ४० ग्रॅ.ची असून तिची घडी काड्यापेटीएवढी होते. तिला नेहमीचे ठिगळ व सोल्यूशन चालत नाही आणि टायरबाहेर फुगविल्यास ती कायमची सैल होते.

वजन कमी करणे हाच हेतू असेल, तर त्याचे गणित आधी मांडावे. दोन चाकांत मिळून १२० ग्रॅ. वाचले, तर ८५ किग्रॅ.च्या एकूण भारात ती बचत एक-सप्तमांश टक्क्याहूनही कमी आहे. मुंबई-पुणे शर्यतीतील बोरघाटाच्या चढावर ती स्पर्धकाला काही सेकंद देईल. फिरणाऱ्या वजनाचा परिणाम दुप्पट होतो हे खरे, पण ते केवळ वेग वाढविताना. स्थिर वेगाला त्याचा काही संबंध नाही. नेहमीच्या सफरीसाठी साधी ब्युटिल ट्यूबच सर्वांत निर्धोक.

उष्णतेचा विचार मात्र गंभीर आहे. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकने लांब घाट उतरताना रिम १०० से.पर्यंत वा त्याहूनही अधिक तापू शकते. २५ से.ला ७५ पौंड दाबाने भरलेली हवा १०० से.ला, आकारमान तेच राहिल्यास, सु. ९८ पौंडांवर जाते. कार्बनी रिम उष्णता बाहेर टाकण्यात कमी पडते. अशा रिमवर लॅटेक्स ट्यूब वापरू नये व पॉलियुरेथेनाची ट्यूब उत्पादकाची स्पष्ट परवानगी असेल तरच वापरावी. उतारावर ब्रेक सतत दाबून न धरता आळीपाळीने, थोडा वेळ पण जोराने लावल्यास रिमला थंड होण्यास अवधी मिळतो. तबकडी ब्रेकच्या सायकलीत ही अडचण उद्भवत नाही.

ट्यूबवर छापलेल्या रुंदीच्या पल्ल्यात (उदा., ७०० × २५–३२) टायर बसले पाहिजे. फार लहान ट्यूब ताणून पातळ होते. फार मोठीला घड्या पडतात व घडीवरच ती फाटते. झडपेचे तीन प्रकार आढळतात. जुन्या भारतीय सायकलीची झडप ही १८९१ मधील वुड्स यांच्या आराखड्यावर आधारलेली असून तीत पितळी गाभ्यावर चढविलेली रबरी वालट्यूब हवा अडवते. मोटारीसारखी श्रेडर झडप ८·५ मिमी. व रोड सायकलीची बारीक प्रेस्टा झडप ६·५ मिमी. छिद्रातून जाते. प्रेस्टाच्या टोकाची चकती हवा भरण्यापूर्वी सैल करावी लागते. उंच कडांच्या रिमला ६० ते ८० मिमी. लांबीची झडप लागते. ऐन रस्त्यात उसन्या घेतलेल्या ट्यूबची झडप आखूड निघाली, तर ती ट्यूब निरुपयोगी ठरते.

ट्यूबविरहित प्रकार : यात टायर व रिम हवाबंद करून आत छिद्र बुजविणारा पातळ चिकट द्रव घालतात. बारीक छिद्रे चालता चालताच बंद होतात व ट्यूब चिमटून पंक्चर होण्याचा प्रश्न राहत नाही. द्रव काही महिन्यांत सुकतो व उष्ण हवेत त्याहूनही लवकर; तो पुन्हा भरण्याची चिकाटी नसलेल्याने या वाटेला जाऊ नये. काही नव्या रिमांच्या कडांना टायर पकडणारा आतला आकडा नसतो. अशा रिमवर ट्यूब घातली असो वा नसो, त्यांना चालणारेच टायर वापरावे लागते आणि दाब ५ बार, म्हणजे ७२·५ पौंडांवर नेता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील शर्यतीत एका स्पर्धकाचे टायर अशा रिमवरून सुटल्यानंतर या रचनेच्या सुरक्षिततेबद्दल व्यावसायिक सायकलपटूंत मोठा वाद झाला. शर्यतीत पूर्वापार वापरले जाणारे, ट्यूब आत शिवून रिमला चिकटवायचे टायर आता सामान्य स्वाराने विचारात घेण्याचे कारण उरलेले नाही.

बसविणे व बदलणे : रिमच्या आत आऱ्यांची छिद्रे झाकणारी पट्टी सरकलेली असल्यास ट्यूब आतल्या बाजूने फुटते. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून ती टायरमध्ये ठेवावी. झडपेच्या समोरच्या बाजूपासून कड चढवीत यावे व शेवटचा भाग झडपेपाशी अंगठ्यांनी चढवावा. तो चढत नसेल, तर बाकीची कड रिमच्या मधल्या घळीत ढकलावी, म्हणजे आवश्यक ती ढिलाई मिळते. लोखंडी पट्टीने रेटल्यास नवी ट्यूब हमखास चिमटते. पूर्ण हवा भरण्यापूर्वी टायर दोन्ही बाजूंनी दाबून ट्यूब कुठे अडकली नाही ना, हे पाहावे. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा आढळल्यास कारण काटा नसून कमी हवा हे असते : खड्ड्याच्या कडेवर आपटताना ट्यूब रिमच्या दोन्ही कडांखाली चिमटलेली असते. कार्बन डाय-ऑक्साइडाच्या कुपीने रस्त्यात हवा भरली असल्यास घरी पोहोचल्यावर ती काढून साधी हवा भरावी, कारण हा वायू रबरातून हवेपेक्षा पुष्कळच लवकर पाझरतो.

मागील टायर पुढीलच्या साधारण दुप्पट वेगाने झिजते. ते मध्यभागी चपटे झाले, धागे दिसू लागले किंवा बाजूला फुगवटा आला, तर बदलावे. अशा वेळी नवे टायर मागे न घालता पुढचे टायर मागे व नवे पुढे घालावे. मागचे टायर फुटले तर सायकल बहुधा सावरता येते. उतारावर पुढचे फुटले, तर स्वार पडण्याचा धोका फार मोठा असतो. उन्हात व मोटारींच्या धुरात उभ्या राहणाऱ्या सायकलीच्या टायरच्या बाजूंना, माथा शाबूत असतानाही, बारीक भेगा पडतात. त्या खोल असल्यास टायर टाकून द्यावे. बाजू चिरली असल्यास जुन्या टायरचा पातळ तुकडा आतून लावून घरापर्यंत येता येते, त्यापुढे नाही. बरोबरची जादा ट्यूब बैठकीखालच्या पिशवीत हत्यारांसोबत सुटी ठेवल्यास घासून तिला छिद्र पडते. ती शंखजिऱ्याची पूड लावून कापडात गुंडाळून ठेवावी.